निर्मनुष्य हा शब्द कोणाचा?

घरापासून दूर, परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसास दूरच्या देशांची वर्णने विशेष आवडतात, ह्यात नवल नाही. सायंकाळी कचेरीतून परतल्यावर, बदलीचा हुकूम केव्हा येईल ही चिंता क्षणभर बाजूस सारून, आफ्रिकेतील सिंह आणि हत्ती ह्यांच्या सहवासात तासभर घालविण्यात मोठे सुख असते. प्रस्तुत लेखकाने हे सुख पुष्कळ उपभोगले आहे. अरण्यवर्णने मी आवडीने वाचत आलो, आणि पुढेही वाचीन. परंतु ह्या वर्णनांतून एक वाक्य शब्दांच्या किरकोळ फेरफाराने पुन्हा पुन्हा भेटते. येथे मानवाचा स्पर्श झालेला नाही, सृष्टीच्या प्रारंभी ही भूमी जशी होती तशीच ती आजही आहे, असा त्या वाक्याचा आशय असतो.

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. ते केवळ खोटे असते तर मी लेखणी उचलली नसती. प्रवासवर्णनात थोडी अतिशयोक्ती क्षम्य असते. परंतु तेच वाक्य सरकारी कागदावर चढते तेव्हा त्याचा हुकूम होतो, आणि हुकुमाने माणसे उठविली जातात. ह्या मासिकाचे बहुसंख्य वाचक असे कागद लिहिणाऱ्यांपैकी आहेत. मीही अनेक वर्षे त्यांच्यापैकीच होतो. म्हणून ही तक्रार मी आपल्याच दारी आणीत आहे. उदाहरण एकच घेतो, आणि तेही असे की, ज्याविषयी आपल्यापैकी कोणाचाही स्वार्थ किंवा पूर्वग्रह असण्याचे कारण नाही. ते उदाहरण युगांडातील किडेपो खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानाचे.

किडेपो मी पाहिलेले नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. माझे भांडण तेथील सिंहांशी नाही. ते कागदाशी आहे, आणि कागद वाचण्यात माझे आयुष्य गेले आहे. युगांडाच्या ईशान्य टोकास, करामोजा नावाच्या प्रदेशात, दक्षिण सुदानच्या सीमेला भिडून हे उद्यान पसरलेले आहे. केनियाची सीमाही तेथून दूर नाही. राजधानी कंपालापासून रस्त्याने हे अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक भरते. उद्यानाचे क्षेत्रफळ १,४४२ चौरस किलोमीटर. कडेने डोंगरांच्या रांगा, त्यांतच २,७५० मीटर उंचीचा मोरुंगोले पर्वत, आणि मध्ये दोन उथळ खोरी : नैर्ऋत्येस नारुस आणि ईशान्येस किडेपो.

ह्या दोन खोऱ्यांचा स्वभाव दोन सख्ख्या पण भिन्न प्रकृतीच्या भावांसारखा आहे. पाऊस दोघांनाही वर्षातून एकदाच, साधारणतः एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत मिळतो. नारुस खोऱ्यात तो वर्षाकाठी सुमारे ८९० मिलिमीटर पडतो, किडेपो खोऱ्यात सुमारे ६३५. किडेपोचा आकडा वाचून सोलापूर-अहिल्यानगरकडच्या माणसास आपल्याच तालुक्याची आठवण व्हावी. किडेपो नदी म्हणजे वर्षातील बहुतेक काळ पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा. पाऊस झाला की काही काळ लोंढा वाहतो, आणि पुन्हा वाळू. काठाने ताडाची उंच झाडे उभी आहेत. हा ताड आपल्या कोकणातल्या ताडाचाच आफ्रिकेतील भाऊबंद. नारुस खोऱ्यात मात्र कडक उन्हाळ्यातही काही डोहांत पाणी टिकते, आणि ते टिकते म्हणून त्या दिवसांत सारी जनावरे तिकडे लोटतात.

जनावरांचे वैभव खरोखरच मोठे आहे. सत्तरांहून अधिक जातींचे सस्तन प्राणी आणि पावणेपाचशेच्या आसपास जातींचे पक्षी ह्या उद्यानात नोंदले गेले आहेत. रानम्हशींचे प्रचंड कळप, हत्ती, खडकांच्या उंचवट्यांवर उन्हे खात पडलेले सिंह, बैलाएवढे थोराड एलंड हरीण, झेब्रे, जिराफ, आणि उघड्या माळावर शहामृग. चित्ता, शशकर्ण, पट्टेदार तरस, वाळवी खाऊन राहणारा आर्डवुल्फ नावाचा तरसाचा लहान भाऊबंद आणि वटवाघळाच्या कानांचा खोकड, हे पाच प्राणी युगांडातील उद्यानांपैकी केवळ ह्याच उद्यानाचे विशेष म्हणून सांगितले जातात. आपल्या माळढोकाचा थोरला चुलत भाऊ शोभावा असा कोरी पक्षीही तेथे गवतातून पावले टाकीत असतो. हे सर्व टिकले पाहिजे. ते टिकविण्यासाठी कोणी खर्च केला, कष्ट केले, प्राण दिले, त्यांचे ऋण मी मानतो. माझा वाद संरक्षणाशी नाही, हे वाचकांनी शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे.

आता त्या नावाकडे पाहू. किडेपो हे नाव कोठून आले? तेथील गुराखी जमातीच्या भाषेत ‘वेचणे, उचलून गोळा करणे’ अशा अर्थाचे एक क्रियापद आहे, आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. नदीकाठच्या ताडांची पिकून खाली पडलेली फळे वेचावयास लोक तेथे येत, म्हणून ती वेचणीची जागा. ज्या खोऱ्यास मानवाचा स्पर्श नाही म्हणून आपण भावविवश होतो, त्या खोऱ्याचे नावच मुळी माणसाच्या वाकलेल्या पाठीवरून पडलेले आहे! फळे वेचावयास कोणीतरी खाली वाकल्याशिवाय वेचणीची जागा होत नाही. मार्गदर्शिका हा नावाचा अर्थ कौतुकाने छापतात, आणि त्याच पानावर अस्पर्श भूमीचे गोडवे गातात. दोन्ही वाक्ये शेजारी वाचून छापणाऱ्यास काहीच खटकत नाही, ह्याचे मला आश्चर्य वाटते.

हे वेचणारे कोण होते? खोऱ्याभोवती दोडोथ आणि त्यांच्यासारख्या गुराखी जमाती होत्या. पावसाळ्यात घराजवळ, उन्हाळ्यात पाण्याच्या मागाने दूर, असे त्यांचे वार्षिक फिरणे. मोरुंगोले आणि शेजारच्या डोंगरांवर इक नावाचा लहानसा समाज होता आणि आहे. त्यांची भाषा शेजारच्या गुराख्यांच्या भाषेहून अगदी वेगळी. तिचे आप्त एकदोनच, आणि तेही जवळजवळ मूक झालेले. इक लोक डोंगरउतारावर शेती करीत, मध काढीत, कंदमुळे आणि फळे गोळा करीत, आणि खोऱ्यात उतरून शिकार करीत. पाऊस बरा झाला तर शेत पोसे. पाऊस रुसला तर खोरे पोसे. कोरड्या प्रदेशातील गरीब माणसाची हीच खरी विमा-पद्धती असते. वर्षातून थोडे दिवस, किंवा चार वर्षांतून एकदा, ज्या जागेची गरज पडते ती जागा इतर दिवशी रिकामी दिसते. परंतु रिकामी दिसणे आणि बिनमालकीची असणे ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. बँकेत शिल्लक ठेवलेली रक्कम आपण रोज काढीत नाही, म्हणून ती बेवारस ठरते काय?

शिवाय जे माळरान पाहून प्रवासी मुग्ध होतो, ते घडविण्यात माणसाचाही हात आहे. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांत गुराखी पिढ्यान्‌पिढ्या वाळलेले गवत जाळीत आले. आगीने झुडपांची रोपे मरतात, पावसाबरोबर कोवळे गवत फुटते, आणि ते गुरांइतकेच हरणांनाही आवडते. आग थांबली की काटेरी झुडूप माजते. म्हणूनच आफ्रिकेतील अनेक उद्यानांचे अधिकारी स्वतःच ठरावीक हंगामात गवत पेटवितात. गुराख्याने लावली तर ती आग गुन्हा ठरते, आणि उद्यानाने लावली तर तिला व्यवस्थापन म्हणतात.

आणखी एक गोष्ट प्रवासवर्णनांतून बहुधा गळते. १८९० च्या दशकात पूर्व आफ्रिकेवर गुरांच्या बुळकांडी रोगाची भयंकर साथ आली. गुरे लक्षावधींनी मेली, गुरांवर जगणारी माणसे उपासमारीने आणि पाठोपाठ आलेल्या देवीच्या साथीने मेली, चराई थांबली, झुडपे वाढली, आणि झुडपांबरोबर निद्रारोग पसरविणारी त्सेत्से माशी पुढे सरकली. गोऱ्या प्रवाशांनी आणि अधिकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेचा बराचसा भाग पाहिला तो ह्या मृत्यूनंतर. ज्याला त्यांनी सृष्टीचे मूळ रूप मानले, ते अनेक ठिकाणी नुकत्याच उजाड झालेल्या घराचे अंगण होते. प्लेगच्या वर्षी ओस पडलेले खेडे पाहून कोणी म्हणावे की येथे मनुष्यवस्ती कधी नव्हतीच, तशातला हा प्रकार झाला.

आता शिकारीकडे वळू. इक माणूस हरीण मारी, म्हणून त्याच्यापासून जनावरांचे संरक्षण केले पाहिजे, असा युक्तिवाद झाला. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याच करामोजात हस्तिदंतासाठी आलेल्या शिकाऱ्यांत वॉल्टर बेल नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ होता. आपल्या आयुष्यात त्याने हजारावर हत्ती मारले. त्याला शिक्षा झाली नाही. उलट त्याच्या नावाला ह्याच प्रदेशाचे नाव बिरुदासारखे जोडले गेले, आणि ‘करामोजो बेल’ म्हणून शिकारी साहित्यात तो आजही आदराने ओळखला जातो. हजार हत्ती मारणारा पराक्रमी आणि घरच्या चुलीसाठी हरीण मारणारा चोर, हा न्याय कोणत्या निसर्गप्रेमातून निघाला? बंदूक, कातडीचा रंग आणि पुस्तक लिहिण्याची सोय, ह्यांखेरीज दोघांत मला दुसरा भेद दिसत नाही. आणि जो दिसतो तो इक माणसाच्या बाजूचा आहे.

१९५८ साली ब्रिटिश सरकारने किडेपोचे शिकार-राखीव क्षेत्र जाहीर केले. शिकार थांबविणे आणि शेतीसाठी व त्सेत्से माशीच्या निर्मूलनासाठी चाललेली झाडझुडपांची तोड थांबविणे, असे त्याचे हेतू होते. हेतू वाईट होते असे मी म्हणत नाही. परंतु खोऱ्यात राहणाऱ्यांस बाहेर काढण्यात आले, आणि खोऱ्याचा उपयोग करणाऱ्यांस ते बंद झाले. पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये युगांडा स्वतंत्र झाला. त्याच वर्षी मिल्टन ओबोटे ह्यांच्या सरकारने ह्या राखीव क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान केले. राज्य बदलले, नकाशावरची रेषा राहिली, नव्हे, ती अधिक ठळक झाली. परक्या सरकारने काढलेली रेषा आपले सरकार आले की पुसली जाईल, ही आशा किती देशांतील किती डोंगरवासीयांनी केली असेल! आपल्यालाही ह्या बाबतीत इतरांस बोट दाखविण्याचा अधिकार नाही.

१९६० च्या दशकाच्या मध्यास करामोजात अवर्षण पडले. शेत करपले. अशा वेळी ज्या खोऱ्याकडे धाव घ्यावयाची ते आता उद्यान होते. एका बाजूस गुराख्यांच्या आपसातील धाडी, दुसऱ्या बाजूस पहारा, आणि मध्ये उपाशी इक. नेमक्या ह्याच काळात कॉलिन टर्नबुल हा ब्रिटिश-अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्यात जाऊन राहिला. काँगोच्या वनातील म्बुटी लोकांवर त्याने १९६१ साली प्रेमाने भरलेले पुस्तक लिहिले होते. इक लोकांवर त्याने लिहिलेले ‘द माउंटन पीपल’ १९७२ साली निघाले, आणि त्यात प्रेमाचा लवलेश नव्हता. हे लोक म्हाताऱ्यांस उपाशी मरू देतात, लहान मुलांस घराबाहेर काढतात, दुसऱ्याच्या दुःखास हसतात, त्यांच्यात माणुसकी उरलेली नाही, असे चित्र त्याने जगापुढे ठेवले. पुस्तक गाजले. पीटर ब्रुक ह्यांनी, ज्यांना आपण पुढे त्यांच्या ‘महाभारता’मुळे ओळखू लागलो, १९७५ साली ह्या पुस्तकावर नाटक बसविले. ‘इक’ हे नाव पाश्चात्त्य सुशिक्षितांच्या बोलण्यात माणुसकीच्या अधःपाताचे प्रतीक होऊन बसले.

टर्नबुल लिहून थांबला असता तरी एक वेळ चालले असते. त्याने सरकारास सल्लाही दिला. ह्या लोकांस गोळा करावे, आणि वय, स्त्री-पुरुष किंवा नातेगोते न पाहता थोड्या थोड्या माणसांच्या तुकड्या करून देशभर दूर दूर विखरून टाकावे, म्हणजे हा समाज आपोआप संपेल, असा तो सल्ला होता. सुदैवाने तो अमलात आला नाही. ह्या सल्ल्याने संतापून नॉर्वेचे विख्यात मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ ह्यांनी १९७४ साली आपल्या ह्या व्यवसायबंधूस जाहीरपणे जाब विचारला. विद्वानाने विद्वानास असा जाब विचारण्याचे प्रसंग विरळा येतात. तो विचारला गेला ह्याबद्दल त्या शास्त्राची प्रशंसाच केली पाहिजे.

पुढे बर्न्ड हायने हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ इक लोकांत गेले. त्यांनी त्यांची भाषा शिकून घेतली. १९८५ साली त्यांनी लिहिले की टर्नबुलने रंगविलेले इक त्यांना भेटलेच नाहीत. टर्नबुलचे भाषाज्ञान तोकडे होते, त्याला माहिती पुरविणाऱ्यांत इक नसलेलेही होते, आणि शिकार सोडून हे लोक नाइलाजाने नवखे शेतकरी झाले हे त्याचे म्हणणेही खरे नव्हते, कारण शेती ही त्यांची जुनीच विद्या होती. त्यानंतर २०२० साली कॅथरिन टाउनसेंड आणि त्यांचे सहकारी ह्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाती दिलेल्या रकमेतून नाव न कळणाऱ्या दुसऱ्या माणसास किती द्यावयाचे ते स्वतः ठरवावे, अशी परीक्षा त्यांनी इक लोकांत घेतली. जगातील इतर समाजांच्या तुलनेत इक काही कमी उदार निघाले नाहीत. वाटून खाणे चांगले, अशा अर्थाची एक म्हणच त्यांच्या भाषेत आहे. म्हणजे टर्नबुलने पाहिले ते ह्या समाजाचे शील नव्हते, ती भूक होती. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर कोणी दोन वर्षे काढली असती, आणि बंगाली माणसास माया ठाऊक नाही असा सिद्धांत मांडला असता, तर आपण त्याला काय म्हटले असते?

आता ह्या दोन कागदांकडे एकत्र पाहा. पहिल्या कागदाने भूमी निर्मनुष्य ठरविली. दुसऱ्या कागदाने त्या भूमीबाहेर काढलेली माणसे अमानुष ठरविली. पहिल्या कागदावाचून दुसरा संभवला असता काय? ज्याची शिल्लक आपण काढून घेतली तो अवर्षणात कसा वागतो हे पाहून त्याच्या स्वभावावर ग्रंथ लिहिणे, ह्याला शास्त्र म्हणावयाचे की काय म्हणावयाचे, ते वाचकांनीच ठरवावे. टर्नबुलनेही खोरे बंद झाल्याचा उल्लेख केला होता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु निष्कर्ष काढताना त्याने दोष उपाश्यांच्या माथी मारला, खोरे बंद करणाऱ्या हुकुमाच्या नव्हे. जगाने वाचला तोही निष्कर्षच.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. उद्यान नसते तर आज किडेपोत एकही हत्ती दिसला नसता, असे कोणी म्हणेल. १९७९ साली इदी अमीनची राजवट कोसळली तेव्हा मोरोतो येथील लष्करी तळ सोडून सैनिक पळाले, आणि तेथील शस्त्रागार करामोजातील गुराख्यांनी लुटले. भाल्यांनी होणाऱ्या धाडी तेव्हापासून स्वयंचलित बंदुकांनी होऊ लागल्या. १९८० चा दुष्काळ त्याच गोंधळात आला आणि त्याने फार मोठा मनुष्यसंहार केला. देशातील गेंडे १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत संपले. किडेपोतील जिराफ पुढे बोटांवर मोजण्याइतके उरले आणि केनियातून काही आणावे लागले. अशा काळात वनरक्षकांनी हे उद्यान राखले नसते तर काय राहिले असते? १९७२ मध्ये पॉल साली हे युगांडाचे अधिकारी ब्रिटिश अधिकाऱ्याच्या जागी उद्यानाचे प्रमुख झाले. त्यांच्यासारख्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या साध्या शिपायांनी हे काम केले. त्यांचे काम थोरच होते.

आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. हत्ती संपविले ते बंदुकांनी आणि हस्तिदंताच्या बाजाराने. मोरुंगोलेवरच्या मध काढणाऱ्यांनी ना तो बाजार उघडला, ना शस्त्रागार उभारले. रोग एकाचा आणि पथ्य दुसऱ्यास, असा हा उपचार झाला. शिवाय पहाऱ्याला शेजाऱ्यांची साथ असेल तर तो स्वस्त पडतो आणि टिकतो, हे कोणताही अनुभवी अधिकारी सांगेल. युगांडाच्या सरकारासही हे पुढे पटले : १९९६ च्या कायद्याने उद्यानाच्या प्रवेशशुल्कातील वीस टक्के वाटा भोवतालच्या लोकांसाठी ठेवण्यात आला. पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु तो वाटा प्रवेशशुल्कातला, पर्यटनाच्या साऱ्या उत्पन्नातला नव्हे. आणि ज्या खोऱ्यास कंपालाहून पोचणेच इतके अवघड, तेथे दाराशी जमा होणारे शुल्क ते किती असणार? अवर्षणात पोट भरणाऱ्या खोऱ्याची किंमत तिकिटाच्या पाचव्या हिश्शात फिटत नाही.

येथवर मी परदेशाविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे, नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातील केर दाखविण्याचा उद्योग ठरेल. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात नवखा अधिकारी होतो. एक ओढा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा राखीव करावयाचा होता. तेथे वस्ती किंवा वहिवाट आहे काय, ह्याचा अहवाल माझ्याकडून मागविण्यात आला. मी भाद्रपदात गेलो. जीप, पटवारी, नकाशा, दुपारचे जेवण, सर्व यथासांग होते. सर्वत्र हिरवे गवत, आणि माणूस एकही नाही. मी प्रामाणिकपणे लिहिले : पट्टा निर्मनुष्य आहे. भाषा शुद्ध होती, आणि वरिष्ठांनी अहवाल नेमका असल्याची पसंतीही कळविली.

पुढच्या वैशाखात एक वृद्ध गुराखी माझ्या बंगल्याच्या पायरीशी येऊन बसला. त्याच्या टोळीची गुरे दर उन्हाळ्यात त्या ओढ्यावर येत, आणि ह्या वर्षी त्यांना तारेच्या कुंपणापाशी अडविण्यात आले होते. तो रागावला नाही. त्याने फक्त विचारले, ‘साहेब, त्या ओढ्याचे नाव तुमच्या कागदावर काय लिहिले आहे?’ मी फाईल उघडली. माझ्याच अहवालास जोडलेल्या नकाशावर ओढ्याचे नाव होते. ते त्याच्या टोळीतल्या कोण्या पूर्वजाचे नाव होते. तेथे त्याची गुरे पाणी पीत, म्हणून पडलेले. मी ते नाव त्या अहवालात स्वतः चार वेळा लिहिले होते. मी दुरुस्तीचे पत्र पाठविले. ते फाईलीस लागले. आणि तोवर माझी बदली झाली. टोळीचे पुढे काय झाले ते मला कळले नाही, आणि खरे सांगावयाचे तर मी फारसे विचारलेही नाही. किडेपो ह्या नावाचा अर्थ प्रथम वाचला तेव्हा तो वृद्ध मला आठवला. तेव्हापासून अस्पर्श भूमीचे ते वाक्य माझ्याने निर्विकारपणे वाचवत नाही.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर मी तो छापण्याचे कारण नव्हते. मध्य प्रदेशातील कुनोचे उदाहरण सर्वांच्या माहितीचे आहे. गीरचे सिंह आणण्यासाठी तेथून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चोवीस गावे हलविण्यात आली. सिंह आले नाहीत. २०२२ साली तेथे चित्ते आले, आणि वृत्तपत्रांतून पुन्हा त्या वन्य, मोकळ्या भूमीची वर्णने आली. त्या मोकळ्या माळांपैकी कित्येक म्हणजे उठलेल्या गावांची जुनी शेते होत, हे किती जणांनी लिहिले? आपल्या संसदेने वनहक्कांचा कायदा २००६ साली केला. वननिवासींवर इतिहासात अन्याय झाला, ही कबुली त्याच्या उद्देशिकेतच दिलेली आहे. कायदा कबुली देतो, आणि आपल्या लेखणीची सवय मात्र बदलत नाही, अशी ही स्थिती आहे.

म्हणून जे अजून सेवेत आहेत त्यांस माझी विनंती आहे. निर्मनुष्य, पडीक, अस्पर्श ह्यांपैकी कोणताही शब्द लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. मी पाहणी कोणत्या महिन्यात केली? ह्या जागेचे नाव कोणाच्या भाषेतले आहे, आणि त्याचा अर्थ काय? आणि हा अर्थ मी कोणाला विचारला? तिन्ही प्रश्नांस मिळून एका दिवसापेक्षा अधिक वेळ लागत नाही. उत्तरे मिळाल्यावरही राखीव क्षेत्र करणे आवश्यक ठरेल. अनेकदा ते आवश्यक असतेच. परंतु मग आपण रिकामी जागा राखीत नसून कोणाची तरी जागा मागत आहो, हे आपल्यास ठाऊक असेल. आणि मागणाऱ्याची भाषा घेणाऱ्याच्या भाषेहून वेगळी असते.

इक समाज संपला नाही. आज त्यांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. ते डोंगरउतारावर शेती करतात, पोळ्यांतील मध काढतात, आणि ज्या भाषेस टर्नबुलने मृत्युपंथास लागलेली मानले असते त्या भाषेत बोलतात. २०१६ साली त्यांच्या नावाच्या मतदारसंघातून त्यांचा स्वतःचा प्रतिनिधी प्रथमच युगांडाच्या संसदेत गेला. मोरुंगोलेवरून खालचे खोरे स्वच्छ दिसते म्हणतात : वाळूची पांढरी रेघ, काठचे ताड, आणि दूरवर काळसर ठिपक्यांसारखे रानम्हशींचे कळप. ताडाची फळे हंगामात आजही पिकून खाली पडत असतील. ती हत्ती खातात, हे उत्तमच आहे. परंतु ती कोणीच कधी वेचली नव्हती, असे मात्र आपण लिहू नये.